तिसरे दार

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे ते जैन नव्हते, भारतीयही नव्हते. अहमदनगर या गावाचे नाव त्यांनी प्रथम माझ्याच तोंडून ऐकले. तरीही आमच्या घरातील दोन सख्ख्या भावांमधला सात वर्षांचा अबोला सुटण्यास जी माणसे कारण झाली, त्यांत त्यांचे स्थान पहिले आहे. आपल्या मासिकाच्या बहुतेक वाचकांची घरे व्यापाराची आहेत. दुकान, भाऊबंदकी, वाटणी आणि त्यानंतरचे मौन हे शब्द आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच ही हकिकत सांगण्याचे धाडस करीत आहे.

माझे सासर नगरचे. भुसार मालाची आडत हा घराण्याचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. माझे पती धाकटे. शिक्षणाच्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि १९९८ साली विवाहानंतर मीही न्यू जर्सीत आले. २००२ साली आम्ही एका जुन्या वस्तीत लहानसे घर घेतले. शेजारच्या घरात एक वृद्ध दांपत्य राहत होते. गृहस्थांचे वय तेव्हा ७३. मध्यम उंची, रुंद मनगटे, आणि रविवारी हमखास पांढरा शुभ्र इस्त्रीचा सदरा. त्यांचे आईवडील सिसिलीतून आलेले होते. इटालियन भाषेत आजोबांना 'नॉन्नो' म्हणतात. त्यांची नातवंडे त्यांना तसे म्हणत, पुढे माझी मुलेही म्हणू लागली आणि अखेरीस मीसुद्धा.

आमची पहिली भेट मात्र सुखद म्हणता येणार नाही. सप्टेंबर महिना होता. माझ्या सासूबाई नगरहून आमचे नवे घर पाहण्यास आल्या होत्या. सकाळी दारावर थाप पडली. नॉन्नो उभे होते. हातात वेताची लहान टोपली, टोपलीत अंजिराचीच पाने अंथरलेली आणि त्यांवर नुकतीच तोडलेली जांभळट अंजिरे. परसातील झाडाची ती फळे त्यांनी नव्या शेजाऱ्यांसाठी आणली होती. पाच उदुंबर फळे आपल्याकडे वर्ज्य आहेत, आणि सासूबाई बावीस अभक्ष्यांचा नियम काटेकोर पाळणाऱ्या. त्या मागून हळूच म्हणाल्या, "घेऊ नकोस." मी गोंधळले. मोडक्यातोडक्या शब्दांत आभार मानले, आम्ही हे फळ खात नाही असे सांगितले, आणि टोपली परत केली. का खात नाही हे समजावून सांगण्याचे मला सुचले नाही. ते क्षणभर थांबले, टोपीला हात लावला आणि पायऱ्या उतरून गेले. त्या वळलेल्या पाठीचे चित्र माझ्या मनातून आजही गेलेले नाही. नियम मोडला असता तर बरे झाले असते, असे मला वाटत नाही. पण नियम पाळतानाही माणसाला दारात उभे ठेवून परत पाठवू नये, आत बोलावून पाणी तरी विचारावे, एवढे मला समजायला हवे होते.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या एका थंड सकाळी, मी त्यांना परसात खणताना पाहिले. त्यांनी अंजिराच्या झाडाच्या एका बाजूची मुळे कुदळीने मोकळी केली होती आणि दुसऱ्या बाजूला माणूस मावेल एवढा लांब चर खणला होता. फांद्या दोरीने बांधून ते अख्खे झाड हळूहळू त्या चरात आडवे करीत होते. एकट्याने ते जमेना, म्हणून माझे पती मदतीला गेले. झाड निजल्यावर त्यावर फळ्या, फळ्यांवर सुकी पाने आणि पानांवर माती. सिसिलीच्या उन्हात वाढणारे झाड उत्तर अमेरिकेच्या हिमात जगावे, म्हणून इटलीतून आलेल्या लोकांनी ही रीत चालवली आहे. एप्रिल लागला की माती काढून झाड पुन्हा उभे करावयाचे. या झाडाची मूळ फांदी त्यांच्या वडिलांनी लावलेली होती.

त्या दिवशी चहा पिताना माझ्या पतींनी त्यांना उदुंबर फळांचा विषय समजावून सांगितला. त्या फळात असंख्य बिया असतात, सूक्ष्म जीव असतात, म्हणून आम्ही ते टाळतो. नॉन्नोंनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे फळाचा अपमान नव्हता." मी म्हटले, "फळाचा नाही आणि आणणाऱ्याचाही नाही." तेव्हापासून त्या घराचे दार आम्हाला आणि आमचे दार त्यांना उघडे झाले.

नॉन्नोंच्या वडिलांची कथा आपल्या मारवाडातून दक्षिणेत आलेल्या पूर्वजांच्या कथेहून फारशी निराळी नाही. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन लोक अमेरिकेत आले. त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीतील आणि सिसिलीतील गरीब शेतकरी व मजूर. १९२४ साली नव्या कायद्याने हा ओघ जवळजवळ बंद केला. वडील त्याआधी, ऐन तारुण्यात, न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर उतरले. आधी हमाली केली, मग हातगाडीवर भाजी विकली आणि अखेर एक किराणा दुकान काढले. डब्यांतून येणारे ऑलिव्हचे तेल, सुका पास्ता, कडधान्ये, लिंबे, आणि गल्ल्यावर उधारीची वही. नॉन्नो आणि त्यांचे सहा वर्षांनी मोठे भाऊ त्या दुकानात पोत्यांवर बसून वाढले. मी त्यांना आमच्या आडतीची, लोटलेल्या गादीची आणि दिवाळीच्या वहीपूजनाची हकिकत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग आपली जात एकच. दुकानदार."

त्यांच्या घरात रविवार हा सणच असे. दोन मुली आणि एक मुलगा तासाभराच्या अंतरावर राहत. रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला सर्वांनी मेजावर असलेच पाहिजे, हा दंडक. सकाळी सहापासून मोठ्या पातेल्यात टोमॅटोचा रस मंद आचेवर शिजत असे. तो रसही विकतचा नव्हे. ऑगस्टच्या अखेरीस सारे कुटुंब परसात जमून पेट्या भरभरून आणलेले लांबट टोमॅटो धुई, चिरी, हाताने फिरवावयाच्या यंत्रातून गाळी, आणि काचेच्या बरण्यांत भरी. प्रत्येक बरणीत तुळशीच्या जातीच्या बेझिलचे एक पान. मग त्या बरण्या मोठ्या पिंपात पाण्यात उकळून वर्षाची बेगमी होई. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया, पापड, लोणची घालताना आजीपासून नातीपर्यंत सारे हात लागतात, त्याचीच मला आठवण येई.

त्यांच्या रविवारच्या त्या पातेल्यात मांस असे, त्यामुळे आम्ही त्या मेजावर जेवणे शक्य नव्हते. मी हे संकोचाने सांगितले. दुसऱ्या रविवारी ते स्वतः आले. म्हणाले, "एक नवे भांडे आणले आहे. नवा चमचाही. त्यात मांस कधी गेलेले नाही आणि जाणारही नाही. कांदा नाही, लसूणही नाही. माझी आई हे ऐकती तर तिला राग आला असता, पण ती पाहुण्याला उपाशी पाठवतीच ना." पास्ता अंड्याचा नसून केवळ गव्हाचा रवा आणि पाणी यांचा आहे, हे त्यांनी वेष्टण दाखवून सिद्ध केले.

अडचण आली ती चीजची. पार्मेझान चीज बनवताना दूध फाटण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे मी कोठेतरी वाचले होते. नॉन्नोंना ते सांगितल्यावर ते अवाक झाले. दुकानात त्यांनी आयुष्यभर ते चीज विकले होते. भिंग घेऊन त्यांनी घरातील प्रत्येक वेष्टण वाचून काढले. मग कपाटातून शिळ्या पावाचा चुरा काढला, ऑलिव्हच्या तेलात तांबूस परतला आणि आमच्या पास्त्यावर भुरभुरला. म्हणाले, "आमच्या गावाकडे चीज घेण्याची ऐपत नसलेल्यांचे हेच चीज. माझी आई लहानपणी हेच खात असे. गरिबी सुटली म्हणून आम्ही ते सोडले. तुमच्यामुळे आईचे ताट परत आले." त्या दिवसापासून ते स्वतःही आमच्याबरोबर बसले की चुराच घेत.

हिवाळ्यात न्यू जर्सीत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपतो हे कळल्यावर नॉन्नो वर्तमानपत्रात सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवीत. गप्पा रंगल्या की घड्याळाकडे बोट दाखवून म्हणत, "चला, पाणी पिऊन घ्या, वीस मिनिटे राहिली." नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे माशांच्या सात पदार्थांचा मोठा बेत असे. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासे. त्या रात्री आम्ही जात नसू आणि त्यांनी कधी आग्रह केला नाही. नव्या वर्षात, ६ जानेवारीस, बेफाना नावाची म्हातारी मुलांना खाऊ देऊन जाते अशी इटलीत समजूत आहे. त्या सकाळी माझ्या मुलांच्या बुटांत संत्री आणि बदाम ठेवलेले सापडत.

एका पर्युषणात मी अठ्ठाई केली. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणार हे ऐकून ते फार घाबरले. रोज संध्याकाळी दारावर थाप पडे. आत न येताच विचारीत, "मुली, बरी आहेस ना?" तपस्व्याची सुखशाता विचारावी ही आपली रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. आठही दिवस ती त्यांनी चुकवली नाही.

कुटुंबवत्सल हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा अर्थ मी त्या घरात पाहिला. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला होता. प्रथम तारखा गेल्या, मग नावे गेली, मग स्वतःच्या मुलीही परक्या वाटू लागल्या. मुलांनी सुचवले की शुश्रूषागृहात ठेवावे. नॉन्नो म्हणाले, "पन्नास वर्षे तिने माझ्या घरची किल्ली सांभाळली. आता तिला घर सापडत नाही, तर मी तिचे घर होतो." रोज सकाळी ते तिचे केस विंचरीत, रविवारी मोत्यांची माळ घालीत आणि मेजाच्या टोकाला तिच्या नेहमीच्या जागी बसवीत. तिच्या पुढ्यात शेंगांची परडी ठेवीत. नावे विसरलेली ती बोटे शेंगा सोलणे मात्र विसरली नव्हती. २००९ साली ती गेली. त्यानंतरही मेजावरची ती खुर्ची कोणी हलवली नाही.

आता १९ मार्चकडे वळते. हा दिवस संत जोसेफांचा. येशूचे पालनकर्ते, सुतारकाम करून संसार चालवणारे जोसेफ हे पित्यांचे, कुटुंबाचे आणि श्रमिकांचे संत मानले जातात. इटलीत पितृदिनही याच दिवशी असतो. सिसिलीत अशी कथा सांगतात की, एकदा मोठा दुष्काळ पडला, लोकांनी संत जोसेफांची प्रार्थना केली आणि पाऊस आला. तोवर लोकांना तगवले ते फावा नावाच्या, आपल्या पावट्याहून मोठ्या व चपट्या दाण्यांनी. त्या स्मरणार्थ घरोघरी तीन पायऱ्यांची वेदी मांडतात. तिच्यावर सुताराच्या हत्यारांच्या, काठीच्या आकारांचे पाव, लिंबे, फुले, फावाचे दाणे आणि मिठाया ठेवतात. मेजावर मांस नसते, कारण हे दिवस त्यांच्या ईस्टरपूर्व व्रताचे. पास्त्यावर चीज नव्हे, पावाचा चुरा. तो लाकडाच्या भुशाची, म्हणजे जोसेफांच्या सुतारकामाची आठवण. आणि ते अन्न विकावयाचे नाही. जो येईल त्याला जेवू घालावयाचे, उरेल ते गरजूंना पोचवावयाचे. आपल्याकडे अन्नदानाचे जे महत्त्व आहे, तेच.

या दिवसाचा एक विधी आहे. त्याला सिसिलीच्या बोलीत 'तुपा तुपा' म्हणतात, म्हणजे दार ठोठावण्याचा आवाज. तीन मुले जोसेफ, मेरी आणि बाल येशू होऊन दारोदार जातात. पहिल्या दारावर ठोठावतात, आतून उत्तर येते, "जागा नाही." दुसऱ्या दारावरही तेच. तिसरे दार उघडते. "या, हे घर तुमचेच," असे म्हणून त्यांना प्रथम जेवू घालतात, मगच इतरांनी बसावयाचे. नॉन्नोंच्या घरी स्वयंपाकघराचे दार पहिले, तळघराचे दुसरे आणि समोरचे तिसरे. एक वर्ष माझी धाकटी मुलगी त्यात होती. परकर-पोलक्यात.

त्या वेदीच्या पायथ्याशी दरवर्षी एक जुना पितळी तराजू ठेवलेला असे. त्यांचा पुतण्या तो सकाळी गाडीतून आणी आणि संध्याकाळी परत घेऊन जाई. २०१३ साली सर्व पाहुणे गेल्यावर मी भांडी पुसता पुसता सहज विचारले, "हा तराजू इथेच का ठेवीत नाही?" नॉन्नो बराच वेळ बोलले नाहीत. मग खुर्ची ओढून बसले.

तराजू त्यांच्या वडिलांचा. हातगाडीच्या दिवसांपासूनचा. १९६१ साली वडील वारले. दुसऱ्या वर्षी दोघे भाऊ वेगळे झाले. मोठ्या भावाला दुकान विकून मोठ्या रस्त्यावर नवे काढावयाचे होते, धाकट्याला जुनेच चालवावयाचे होते. पैशांची वाटणी शांतपणे झाली. भांडण झाले ते तराजूवरून. "बाजारात त्याची काही किंमत नव्हती," ते म्हणाले. "म्हणूनच कोणी सोडेना. किमतीची वस्तू असती तर निम्मे पैसे देऊन मिटले असते." तराजू नॉन्नोंनी ठेवून घेतला. बोलणे बंद झाले. दोघांनीही रीतीप्रमाणे आपापल्या पहिल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवलेले होते. एकाच नावाचे ते दोन चुलतभाऊ एकाच गावात वाढले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

१९६८ सालचा १९ मार्च. दुपारी गल्लीतील मुलांचा 'तुपा तुपा' झाला. तिसरे दार नॉन्नोंनी स्वतः उघडले आणि मुलांना जेवू घातले. तासाभराने पुन्हा थाप पडली. खिडकीच्या पडद्यातून त्यांना दिसले, मोठा भाऊ उभा होता. दोन्ही हातांत दोन पाव. "त्याने तीनदा ठोठावले. मी पत्नीला सांगितले, मी घरी नाही असे म्हण. तिने नकार दिला. खोटे तूच बोल, म्हणाली. मग कोणीच काही बोललो नाही. तो पाव पायरीवर ठेवून गेला. मी मनात म्हटले, पुढच्या वर्षी पुन्हा आला तर उघडीन." पुढच्या वर्षी मार्चमध्ये भाऊ आला नाही. त्याच शरदात तो वारला.

त्यानंतर नॉन्नो तराजू घेऊन भावजयीकडे गेले. तिने तो घेतला, कॉफी दिली, शब्दही बोलली नाही. त्यांना कोणी काही बोलले असते तर त्यांना बरे वाटले असते, असे ते म्हणाले. अनेक वर्षांनी पुतण्याने आपणहून विचारले, "वेदीपाशी ठेवायला आणू का?" तेव्हापासून तो दरवर्षी येतो आणि जातो.

हे ऐकत असताना माझे हात थांबले होते. २००७ साली माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणत असू, निवर्तले. पुढील वर्षी बाजारसमितीतील गाळ्याच्या प्रश्नावरून माझे पती आणि मोठे दीर यांच्यात वाद झाला. माझ्या पतींनी आपला हिस्सा मागितला. दीर म्हणाले, "आईबाबूजींचे आजारपण आम्ही काढले, तू डॉलर मोजत होतास." हे वाक्य फोनवर बोलले गेले आणि फोन बंद झाला. येथे मला एक कबूल केले पाहिजे. त्या वादात मी तटस्थ नव्हते. रात्री वही घेऊन गाळ्याची किंमत काढणारी मीच होते. पतींनी विषय सोडू म्हटले तेव्हा "हक्क आहे तो" असे म्हणणारीही मीच. दरवर्षी संवत्सरीला प्रतिक्रमण करून आम्ही चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागत होतो, ओळखीच्या दोनशे घरांना 'मिच्छा मि दुक्कडं'चे संदेश पाठवीत होतो. त्या यादीत नगरचे ते एक घर नव्हते.

त्या रात्री मी पतींना तराजूची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. पण सप्टेंबरात संवत्सरीच्या दिवशी त्यांनी नगरला फोन लावला. तो वाजत राहिला. कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नॉन्नोंनी कुंपणापलीकडून विचारले, "तुमचा क्षमेचा दिवस झाला ना? दार उघडले का?" पतींनी मान हलवली. ते म्हणाले, "पहिले दार कधीच उघडत नाही."

२०१४ साली पुन्हा फोन केला. जाऊबाईंनी उचलला. "ते स्थानकात गेले आहेत," असे म्हणाल्या. मागे दिरांचा खाकरण्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. जाऊबाईंनी मुलांची चौकशी मात्र केली. नॉन्नोंना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाईने फोन ठेवला नाही ना? मग ते दुसरे दार झाले. आता एकच राहिले."

त्या वर्षी झाड निजवताना त्यांना कुदळ धरवली नाही. खुर्चीत बसून ते सूचना देत राहिले, माझ्या पतींनी आणि त्यांच्या नातवाने चर खणला. ते नातवाला म्हणाले, "मला सिसिलीची बोली समजते, पण बोलता येत नाही, कारण १९४२ साली इटलीशी युद्ध होते. आईचे नागरिकत्व झालेले नव्हते. तेव्हा सहा लाख इटालियन या देशात 'शत्रुदेशीय' ठरले होते, त्यांत तीही होती. तिला नोंदणी करावी लागली, घरातला रेडिओ पोलिसांत जमा करावा लागला. आणि भाऊ त्याच वेळी याच देशाच्या सैन्यात भरती होत होता. ऑक्टोबरात तो नियम उठला. पण आईने घरात आपली भाषा बोलणे थांबवले ते थांबवलेच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलांशी तुमची भाषा बोलत राहा. भावाशी भांडण मिटवायला आईचीच भाषा लागते."

२०१५ च्या फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, नॉन्नो झोपेतच गेले. वय ८५. १९ मार्चला मुलींनी वेदी मांडली. त्यावर त्यांचे छायाचित्र ठेवले. पुतण्या तराजू घेऊन आला. संध्याकाळी निघताना त्याने तो उचलला, आणि त्याच नावाचा त्याचा चुलतभाऊ, नॉन्नोंचा मुलगा, गाडीपर्यंत पोचवायला गेला. खिडकीतून दिसत होते. दोघांनी तराजूचे एकेक टोक धरले होते. एवढ्या लहान वस्तूला दोन माणसे लागत नाहीत.

त्या वर्षीच्या संवत्सरीला आम्ही प्रतिक्रमणानंतर तिसऱ्यांदा फोन लावला. दोन घंटांतच तो उचलला गेला. पलीकडून दिरांचा आवाज आला, "बोल." माझ्या पतींना शब्द सुचेना. थोड्या वेळाने दीरच म्हणाले, "तिकडे पाऊस आहे का?" हे म्हणाले, "नाही. तिकडे?" "यंदा फारच कमी आहे. बाजार मंदा आहे." मग पुन्हा शांतता. अखेर माझे पती म्हणाले, "भाऊजी, मन, वचन, कायेने काही दुखावले असेल तर मिच्छा मि दुक्कडं." दीर म्हणाले, "मीही तेच म्हणायला मागच्या वर्षी फोनजवळ उभा होतो. उचलवला नाही." दोघेही मराठीत बोलत होते. बाबूजी गल्ल्यावर बसून बोलत, तशा मराठीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मग फोन मागून घेतला आणि जाऊबाईंची व दिरांची माझ्या वहीसाठी क्षमा मागितली. वही कसली ते त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

गाळ्याचा कागद अजूनही झालेला नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. तो प्रश्न आहे तेथेच आहे. पण त्याच्या अलीकडे आता बोलणे आहे, दर रविवारी सकाळी एक फोन आहे, आणि गेल्या विवाहप्रसंगी दोन्ही भावांनी पंगतीत शेजारी बसून जेवण केले. जे मिटायचे ते बोलण्यातूनच मिटेल.

फोन झाला त्या संध्याकाळी मी नॉन्नोंच्या थोरल्या मुलीकडे गेले. ती आता त्याच घरात राहते. दार उघडताच मी म्हटले, "तुझ्या वडिलांना सांगायचे होते. तिसरे उघडले." तिला सारे ठाऊक होते. ती काही बोलली नाही. आत नेऊन आईच्या त्या खुर्चीत मला बसवले आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. सूर्यास्तास अजून दहा मिनिटे होती.

ज्यांच्या घरात असे एखादे बंद दार आहे, त्यांनी पुढच्या संवत्सरीची वाट पाहू नये, एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या वर्षी उघडीन असे म्हणणाऱ्या एका भल्या माणसाला सत्तेचाळीस वर्षे एक तराजू वाहावा लागला.

अंजीर आम्ही आजही खात नाही. पण ते झाड दर नोव्हेंबरात माझे पती निजवतात आणि एप्रिलमध्ये उभे करतात. सप्टेंबरात फळे आली की नॉन्नोंची मुलगी टोपली भरते, आणि ती टोपली घेऊन गल्लीतील प्रत्येक नव्या घराचे दार ठोठावण्याचे काम माझी मुलगी करते.

सर्व वाचकांना सविनय जय जिनेंद्र.